छोट्या आयातदाराचा खर्च वाढतो कुठे आणि कमी करायचा कुठे

इचलकरंजीत आयात केलेल्या रेपिअर आणि एअरजेट मागांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतसा त्यांच्या सुट्या भागांचा व्यापारही वाढला. गिअर, कॅम, ग्रिपर, कटर, रेपिअर टेप, सेन्सर अशा लहान वस्तूंचा हा धंदा आहे. पेट्या लहान पण जड असतात, आणि माग बंद पडला की गिऱ्हाइकाला तो भाग आजच्या आज हवा असतो. हा माल मी चीनमधून थोड्या थोड्या प्रमाणात मागवतो. पहिल्या खेपेच्या वेळी मी पुरवठादाराशी तीन आठवडे घासाघीस करून दर दोन टक्क्यांनी उतरवून घेतला होता आणि त्यावर खूश होतो. माल न्हावा शेवा बंदरात उतरल्यावर मात्र त्या दोन टक्क्यांच्या कितीतरी पट रक्कम अशा बिलांमध्ये गेली, की त्यांतल्या निम्म्या नोंदींची नावेही मी तोवर ऐकली नव्हती.

तेव्हापासून एक गोष्ट पक्की लक्षात राहिली आहे. आयातीचा खर्च बंदरावर दिसतो, पण ठरतो तो ऑर्डर देतानाच. माल जहाजावर चढल्यानंतर जे वाचवता येते ते किरकोळ असते. जे खरोखर वाचते, ते पुरवठादाराला पैसे पाठवण्याआधी विचारलेल्या प्रश्नांमुळे वाचते.

माल कितीला पडला, हे काढण्यासाठी आधी सीमाशुल्काचे गणित समजून घ्यावे लागते. सीमाशुल्क मालाच्या निव्वळ किमतीवर लागत नाही, तर किंमत, जहाजभाडे आणि विमा यांच्या बेरजेवर, म्हणजे ज्याला व्यापारात सीआयएफ म्हणतात त्यावर लागते. समजा, पाच लाख रुपयांचा माल आहे, भाडे २०,००० रुपये आणि विमा २,००० रुपये आहे, तर बेरीज ५,२२,००० रुपये होते. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरले, तर ते ५२,२०० रुपये होईल. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ५,२२० रुपये. या सर्वांची बेरीज ५,७९,४२० रुपये झाली आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, धरला, तर तो सुमारे १,०४,२९६ रुपये होतो.

या गणितात नवा आयातदार दोन ठिकाणी चुकतो. पहिली चूक म्हणजे भाड्याची आणि विम्याची पावती न जोडणे. प्रत्यक्ष भाडे किती दिले हे कागदाने दाखवता आले नाही, तर मूल्यांकनाच्या २००७च्या नियमांनुसार मालाच्या एफओबी किमतीच्या, म्हणजे तिथल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या, २० टक्के रक्कम भाडे म्हणून आणि १.१२५ टक्के रक्कम विमा म्हणून धरली जाते. वरच्याच उदाहरणात भाडे मग २०,०००ऐवजी एक लाख आणि विमा ५,६२५ रुपये होतो, आणि परत न मिळणारे शुल्क जवळजवळ ९,२०० रुपयांनी वाढते. दोन पावत्या वेळेवर न मागितल्याची ही किंमत आहे.

दुसरी चूक उलट प्रकारची आहे. आयजीएसटीचा मोठा आकडा पाहून माणूस घाबरतो आणि सगळी काटकसर तिथेच करायला जातो. वास्तविक जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला हा कर विक्रीवरील करातून वळता करून घेता येतो. तो खर्च नव्हे, काही आठवडे अडकून पडणारे भांडवल आहे. बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याकडे दाखल करायच्या आयातीच्या विवरणावर, जीएसटी क्रमांक चुकीचा पडला, तर मात्र ते भांडवल फार काळ अडकते. म्हणून क्लिअरिंग एजंटने, म्हणजे आपल्या वतीने माल सोडवून देणाऱ्याने, पाठवलेली त्या विवरणाची चेकलिस्ट स्वतः ओळ न् ओळ वाचल्याशिवाय मंजुरी देऊ नये. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हा कर सरळ किमतीत जातो, आणि आयात सुरू करण्याआधी त्याने हा हिशेब कर सल्लागाराबरोबर बसून करायला हवा.

फुकटचे भाडे

आता त्या पहिल्या खेपेकडे येतो. माल तीन घनमीटर होता. एवढ्या मालासाठी पूर्ण कंटेनर घेणे परवडत नाही, म्हणून तो अनेकांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये येतो. याला एलसीएल म्हणतात. पुरवठादाराने सांगितले, “भाड्याची काळजी करू नका, ते आमच्याकडे.” कागदावर निंगबो ते न्हावा शेवा भाडे शून्य डॉलर होते. मला ते त्याचे औदार्य वाटले.

माल आल्यावर कन्सोलिडेटरच्या, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये भरणाऱ्या कंपनीच्या, इथल्या एजंटाने ४१,००० रुपयांचे बिल पाठवले. त्यात डिलिव्हरी ऑर्डरचे शुल्क, टर्मिनल हाताळणी, कंटेनर रिकामा करण्याचे शुल्क, कागदपत्रांचे शुल्क आणि आणखी तीन-चार नोंदी होत्या. फोन करून भांडलो, पण उपयोग झाला नाही, कारण डिलिव्हरी ऑर्डर त्याच्याच हातात होती आणि ती मिळाल्याशिवाय माल कंटेनर फ्रेट स्टेशनच्या, म्हणजे सीएफएसच्या, फाटकाबाहेर पडत नाही. शिवाय प्रत्येक दिवसाच्या वादाबरोबर गोदामाचे भाडे चढत होते.

यामागचे गणित सोपे आहे. चीनमधला कन्सोलिडेटर माल मिळवण्यासाठी तिथल्या पुरवठादाराला भाडे माफ करतो, प्रसंगी घनमीटरमागे उलट पैसेही देतो, आणि ते सगळे इकडे आयातदाराकडून वसूल करतो. भाडे ठरवणारा एक, ते भरणारा दुसरा, आणि भरणाऱ्याला एजंट निवडण्याचा अधिकारच नाही. सीआयएफ अटीवर, म्हणजे भाडे आणि विमा पुरवठादाराकडे सोपवून, माल घेतला की हे होऊ शकते.

पुढच्या खेपेपासून मी एफओबी अटीवर माल घेऊ लागलो. म्हणजे निंगबो बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च पुरवठादाराचा, पुढचा माझा, आणि म्हणून मालवाहतुकीची व्यवस्था करणारा फॉरवर्डरही माझ्या पसंतीचा. ऑर्डर देण्याआधीच नवी मुंबईतल्या फॉरवर्डरकडून लेखी दरपत्रक घेतले, ज्यात भाड्याबरोबर इथल्या प्रत्येक शुल्काचा आकडा होता. भाडे घनमीटरमागे २० डॉलर पडले, इथला खर्च १७,००० रुपये झाला. शून्य भाड्यापेक्षा वीस डॉलरचे भाडे कितीतरी स्वस्त निघाले. पुरवठादार सीआयएफवर अडून बसला, तर निदान त्याच्या कन्सोलिडेटरच्या भारतातल्या एजंटाचे नाव आणि त्याचे इथले दर आधी लेखी मागवावेत. ते द्यायला टाळाटाळ झाली की काय समजायचे ते समजावे. एक्स-वर्क्स अट, म्हणजे कारखान्याच्या दारातून माल उचलणे, छोट्या आयातदाराने शक्यतो टाळावी, कारण तिथली वाहतूक आणि निर्यातीची कागदपत्रे हे दोन्ही परक्या मुलखातून सांभाळणे आपल्या आवाक्यातले नसते.

एलसीएलमध्ये आकारणी घनमीटरवर किंवा टनावर होते. एक घनमीटर बरोबर एक टन असे धरून जो आकडा मोठा येईल त्यावर पैसे लागतात. सुट्या भागांच्या व्यापारात याचा एक फायदा करून घेता येतो. अडीच टनांचे गिअर आणि कॅम जेमतेम सव्वा घनमीटर जागा घेतात, आणि पैसे मात्र अडीच एककांचे द्यावे लागतात. त्याच खेपेत प्लॅस्टिकची कव्हरे आणि नळ्या असा हलका माल, समजा एक घनमीटर आणि दीडशे किलो, घातला तर एकूण सव्वादोन घनमीटर आणि दोन टन ६५० किलो होतात. आकारणी २.६५ एककांची होते. म्हणजे एक घनमीटर माल जवळजवळ फुकट आला. हलका माल वेगळ्या खेपेने मागवला असता, तर त्याच्यासाठी पूर्ण एका घनमीटरचे भाडे आणि शिवाय कागदपत्रांचा सगळा ठरावीक खर्च पुन्हा द्यावा लागला असता. डिलिव्हरी ऑर्डर, एजंटची फी, बँकेचे शुल्क हे खर्च खेपेमागे लागतात, किलोमागे नव्हे. म्हणून वर्षाला आठ छोट्या खेपांऐवजी चार मध्यम खेपा केल्या, तर हा भाग निम्म्यावर येतो. मात्र त्यापायी पडून राहणाऱ्या मालात अडकलेल्या पैशाचे व्याजही हिशेबात धरले पाहिजे. माल १२ ते १५ घनमीटरच्या घरात गेला, की २० फुटी पूर्ण कंटेनरचा दर विचारून पाहावा.

सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड मी समुद्रमार्गे आणतच नाही. विमानात एका घनमीटरला सुमारे १६७ किलो धरतात, त्यामुळे लहान आणि किमती वस्तूला ते भाडे झेपते.

दिवसांचे पैसे

बंदरावरचा सर्वांत निरर्थक खर्च उशिराचा असतो, कारण त्यातून काहीच पदरात पडत नाही. उशिराची बिलेही तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि लोक त्या सगळ्यांना सरसकट डिमरेज म्हणतात. सीएफएसच्या जागेचे भाडे ठरावीक मोफत दिवसांनंतर सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने वाढते. पूर्ण कंटेनर असेल, तर तो रिकामा करून परत देईपर्यंत जहाज कंपनी डॉलरमध्ये डिटेन्शन लावते. तिसरा दंड सरकारी आहे, आणि त्याची माहिती नव्या माणसाला बहुधा नसते.

२०२१ साली सीमाशुल्क कायद्याच्या कलम ४६मध्ये झालेल्या बदलानुसार बिल ऑफ एंट्री सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसअखेर दाखल झाली पाहिजे, आणि त्या दिवसांत सुट्ट्याही धरल्या जातात. उशीर झाला, तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये शुल्क लागते. पाच दिवस उशीर झाला, तर ३५,००० रुपये झाले. पाच लाखांच्या खेपेत ही रक्कम म्हणजे सात टक्के. एवढा नफा अनेकांच्या मालात सुटतही नाही. शुल्क भरायला उशीर झाला, तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज वेगळे.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. जहाज येण्याच्या ३० दिवस आधीपासून आगाऊ बिल ऑफ एंट्री दाखल करता येते. निंगबोहून जहाज निघाल्यानंतर इथे पोहोचेपर्यंत साधारण तीन आठवडे मिळतात, आणि तेवढा वेळ पुरेसा असतो. अडते ते पुरवठादार कागद पाठवायला लावतो त्या वेळामुळे. म्हणून माझ्या ऑर्डरवर आता एक वाक्य कायम असते: माल भरण्यापूर्वी बीजक, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा, मसुदा मेलवर यायला हवा, आणि मी तो तपासून होकार दिल्याशिवाय अंतिम कागद निघता कामा नये. बीजकात ४० पेट्या आणि पॅकिंग लिस्टमध्ये ४१, एवढ्या फरकाने माल दोन दिवस अडतो. उरलेली रक्कम चुकती झाल्यावरच पुरवठादार बिल ऑफ लेडिंग सोडतो, त्यामुळे ते पैसेही जहाज पोहोचण्याच्या पुरेसे आधी पाठवावे लागतात. आणि मूळ कागद कुरिअरने येण्याची वाट पाहण्यापेक्षा त्याला ते तिकडेच जमा करायला सांगून इथे माल सोडवून घेणे, ज्याला टेलेक्स रिलीज म्हणतात, अधिक सोयीचे पडते.

पॅकिंगचे लाकूड हाही एक असाच खड्डा आहे. लाकडी पेटी किंवा पॅलेट असेल, तर त्यावर आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रक्रिया केल्याचा शिक्का असावा लागतो. शिक्का नसेल, तर धुरी, दंड आणि तेवढ्या दिवसांचे भाडे असे तिन्ही खर्च मागे लागतात. पुरवठादाराकडून पेटीवरच्या शिक्क्याचा फोटो मागवायला काही पैसे पडत नाहीत. प्लायवूडची पेटी घेतली, तर हा प्रश्नच उरत नाही.

कोणत्या शीर्षकात, कोणत्या देशातून

प्रत्येक वस्तूला शुल्कसूचीत एक क्रमांक असतो आणि शुल्क त्या क्रमांकावर ठरते. मागाचे भाग म्हणजे सगळे ८४४८ या शीर्षकात, अशी समजूत बाजारात आहे, ती अर्धवट आहे. बेअरिंग मागात बसत असले, तरी त्याचे स्वतःचे शीर्षक ८४८२ आहे. स्क्रू आणि बोल्ट ७३१८मध्ये जातात, लोखंडी स्प्रिंग ७३२०मध्ये आणि रबरी पट्टा ४०१०मध्ये. फक्त त्या यंत्रासाठी घडवलेला आणि दुसऱ्या कुठल्या शीर्षकात स्वतंत्रपणे न येणारा भाग तेवढा ८४४८मध्ये राहतो. सगळा माल एकाच क्रमांकाखाली दाखवला, तर काही वस्तूंवर शुल्क जास्त जाते आणि काहींवर कमी. जे कमी गेले ते मागाहून व्याज आणि दंडासह वसूल होते. नेहमीची आणि मोठ्या रकमेची एखादी वस्तू खरोखरच वादग्रस्त असेल, तर मुंबईतल्या सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे १०,००० रुपये शुल्क भरून आयातीपूर्वीच निर्णय मागता येतो. किरकोळ मालासाठी तेवढी खटपट करण्यात अर्थ नाही.

क्रमांक ठरला, की त्या वस्तूवर गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे का, हेही त्याच बैठकीत पाहावे. आदेश लागू असेल आणि कारखान्याकडे भारतीय मानक ब्यूरोचा परवाना नसेल, तर तो माल स्वस्त मिळतो की महाग, हा प्रश्नच गैरलागू आहे. तो आणू नये. किरकोळ विक्रीच्या पाकिटांवर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष असे तपशील लागतात, आणि ती लेबले चीनमधल्या कारखान्यात लावून घेणे हे इथल्या गोदामात मजूर लावून चिकटवण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

देशाचा मुद्दा याच्याच जोडीचा आहे. दक्षिण कोरिया, जपान, आसियान गट, संयुक्त अरब अमिरात यांच्याशी भारताचे व्यापार करार आहेत आणि तिथे तयार झालेल्या अनेक वस्तूंवर शुल्क कमी किंवा शून्य आहे. चीनशी तसा व्यापक करार नाही, पण आशिया-पॅसिफिक व्यापार करारात चीनही असल्याने काही निवडक वस्तूंवर थोडी सवलत मिळते. म्हणजे कोरियातला कटर चिनी कटरपेक्षा सहा टक्के महाग असला, तरी शुल्क धरून तो स्वस्त पडू शकतो. मात्र त्यासाठी उगम प्रमाणपत्र हवे, आणि सप्टेंबर २०२०पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे तो माल खरोखर त्या देशात कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःकडे ठेवायला हवी. प्रमाणपत्र आहे, एवढे सांगून आता भागत नाही. चीनचा माल दुसऱ्या देशातून फिरवून आणलेला असेल, तर सवलत जाते, आणि जबाबदारी प्रमाणपत्र देणाऱ्याची नव्हे, आपली असते.

बँक, विमा आणि कमी दाखवलेली किंमत

बँकेचे शुल्क सगळेजण पाहतात, पण खरा खर्च डॉलरच्या दरात दडलेला असतो. बाजारातला दर आणि बँकेने आपल्याला लावलेला दर यांत ६० पैशांचा फरक असला, तर १०,००० डॉलरमागे ६,००० रुपये जातात, आणि ते कुठल्याच पावतीवर वेगळे दिसत नाहीत. पैसे पाठवताना बँकेला त्या क्षणीचा बाजारदर विचारावा आणि फरक ठरवून घ्यावा. नियमित व्यवहार असेल, तर शाखा व्यवस्थापक ऐकतो. क्लिअरिंग कॉर्पोरेशनने ऑगस्ट २०१९मध्ये सुरू केलेल्या एफएक्स-रिटेल या मंचावर छोट्या ग्राहकालाही बाजारदराने डॉलर घेता येतात आणि बँक आपला आकार वेगळा दाखवते. मंच वापरला नाही, तरी त्याचे नाव घेतल्यावर बोलणी सोपी होतात, असा माझा अनुभव आहे.

विमा मात्र काटकसरीची जागा नव्हे. माल बुडेल ही शक्यता थोडीच असते, हे खरे आहे. पण मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज अडकले, तेव्हा मालकाने जनरल अॅव्हरेज जाहीर केले. या जुन्या सागरी प्रथेनुसार जहाज वाचवण्याचा खर्च जहाजावरच्या सर्व मालधन्यांत वाटला जातो, आणि ज्याचा माल सुखरूप आहे त्यालाही हमी दिल्याशिवाय तो मिळत नाही. विमा असेल, तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल, तर रोख ठेव आपल्या खिशातून जाते.

राहिला तो मार्ग, ज्याची बाजारात दबक्या आवाजात शिफारस होते: बीजकावर किंमत कमी दाखवा आणि उरलेले पैसे दुसरीकडून द्या. तो बेकायदा आहे. माल जप्त होऊ शकतो आणि बुडवलेल्या शुल्काएवढा दंड बसू शकतो. पण निव्वळ व्यापारी म्हणून पाहिले, तरी हे गणित बसत नाही. आयजीएसटी तर परत मिळणारच असतो, त्यामुळे वाचते ते फक्त मूळ शुल्क आणि अधिभार. उलट खरेदी कमी दाखवल्याने वहीत नफा फुगतो आणि त्यावर आयकर भरावा लागतो. दहा टक्के वाचवायला जाऊन पंचवीस-तीस टक्के भरणाऱ्याला हुशार का म्हणतात, हे मला अजून कळलेले नाही.

मी प्रत्येक खेपेसाठी वहीचे एक पान ठेवतो. डावीकडे ऑर्डर देताना धरलेले आकडे, उजवीकडे प्रत्यक्ष बिलांतले, आणि शेवटी एका गिअरमागे पडलेली किंमत. तिसऱ्या खेपेच्या पानावर उजव्या बाजूला ‘इतर खर्च, ४,२०० रुपये’ अशी नोंद होती आणि डावीकडची जागा रिकामी होती. हे इतर म्हणजे काय, अशी चौकशी करणारा एक मेल एजंटला पाठवला. दोन दिवसांनी सुधारित बिल आले, त्यात ती ओळ नव्हती.